‘शालिमार’ची दंतकथा आणि दख्खनची गंधविद्या : एक चिकित्सा

प्रस्तावना

उंची अत्तराच्या बाटलीबरोबर आज एक कथाही विकली जाते. दूरदेशीची फुले, मसाल्यांची गलबते, सुलतानांच्या बागा आणि एखादी अमर प्रेमकहाणी हे त्या कथेचे ठरलेले घटक असतात. ही कथा बहुधा पॅरिस किंवा लंडन येथे रचली जाते. तिचे नेपथ्य मात्र हिंदुस्थानचे, इराणचे अथवा अरबस्तानचे असते. बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. सुगंधावर शास्त्रशुद्ध लेखन ज्या प्रदेशात झाले, त्यांमध्ये या परिसराची गणना करावी लागते. तरीही येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पूर्वेचा सुगंध’ हा शब्दप्रयोग प्रथम भेटतो तो जाहिरातीत, इतिहासाच्या तासाला नव्हे.

प्रस्तुत लेखात या प्रकारच्या अत्तरांचा आदर्श मानल्या गेलेल्या ‘शालिमार’ या फ्रेंच अत्तराच्या कथेची चिकित्सा केली आहे. त्यासाठी कल्याणी, बिदर, कलबुर्गी आणि विजापूर येथील साधनांचा आधार घेतला आहे. अत्तर चांगले की वाईट हा येथे प्रश्न नाही. त्याच्या नावाने सांगितलेला इतिहास कितपत टिकतो आणि त्या इतिहासातून कोण वगळले जाते, हा प्रश्न आहे.

‘शालिमार’ : नाव, कथा आणि कुपी

‘शालिमार’ हे अत्तर गेर्लां या फ्रेंच घराण्यातील जाक गेर्लां यांनी सिद्ध केले. १९२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. त्याची कुपी रेमाँ गेर्लां यांनी योजली होती. बागेतील कारंज्याच्या कुंडाचा आकार आणि पंख्यासारखे निळे झाकण असलेली ही कुपी बाकारा या काचकारखान्याने घडविली. बादशहा शाहजहान आणि मुमताज महल यांचे प्रेम व त्यांच्या प्रेमाची साक्षीदार असलेली शालिमार बाग ही या अत्तरामागची प्रेरणा म्हणून सांगितली जाते.

ही कथा ऐकण्यास गोड आहे. कालगणनेच्या कसोटीवर मात्र ती डळमळते. काश्मीरमधील शालिमार बाग जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१९ च्या सुमारास आकारास आली. शाहजादा खुर्रम म्हणजेच पुढचा शाहजहान याचा त्या कामात सहभाग होता; तथापि ती बाग जहांगीरची म्हणूनच ओळखली जाते. लाहोरची शालिमार बाग शाहजहानने बांधविली हे खरे, परंतु तिचे बांधकाम १६४१–४२ मधील आहे. मुमताज महल त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १६३१ मध्ये मरण पावली होती.

तिचा मृत्यू बुऱ्हाणपूर येथे झाला, ही गोष्ट दख्खनच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. बादशहा त्या वेळी दख्खनच्या मोहिमेवर होता. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. ज्या प्रेमकथेचा सुवास कुपीत भरल्याचे सांगण्यात येते, तिचा शेवट अशा रीतीने युद्धाच्या छावणीत आणि दुष्काळाच्या छायेत झाला. पुढे पाव शतकाने, १६५७ मध्ये, औरंगजेबाने बिदरचा किल्ला घेतला. विक्रीच्या कथेला यांपैकी कशाचीही गरज भासत नाही.

घटकांची साक्ष

आता अत्तराच्या घटकांकडे वळू. ‘शालिमार’चा आरंभीचा दरवळ बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा आहे, हे फळ मुख्यत्वे इटलीच्या कालाब्रिया भागात होते. मध्यभागी गुलाब व जाई आहेत. अत्तराची खरी ओळख ठरविणारा शेवटचा रेंगाळणारा गंध मात्र व्हॅनिलाचा आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची आमरी. मोगल दरबारातील गंधद्रव्यांत तिला स्थान नव्हते. त्यातही ‘शालिमार’मध्ये वापरलेले एथिल व्हॅनिलिन हे प्रयोगशाळेत तयार झालेले रसायन आहे. त्याच्या जोडीला येणारा टोंका बियांचा गंधही दक्षिण अमेरिकेतील वृक्षाचा होय.

याचा अर्थ असा की, जगाने ‘पूर्वेचा गंध’ म्हणून जो ओळखला, तो बऱ्याच अंशी अमेरिकेची वनस्पती आणि युरोपचे रसायनशास्त्र यांच्या संयोगातून निर्माण झाला. जाक गेर्लां यांच्या कौशल्याला यामुळे बाधा येत नाही. उलट, नव्या रसायनाचा इतका नेमका उपयोग करणे ही त्यांची प्रतिभाच म्हटली पाहिजे. दोष आहे तो त्या प्रतिभेवर चिकटविलेल्या चिठ्ठीचा. या गटातील अत्तरांना सुगंध-व्यवसायात दीर्घकाळ ‘ओरिएंटल’ असे म्हटले जाई. सुगंधांचे वर्गीकरण करणारे तज्ज्ञ मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये आपल्या वर्गीकरणातून हा शब्द वगळला व त्याऐवजी ‘अँबर’ हा शब्द घेतला. शब्द बदलला हे योग्यच झाले. परंतु शब्दाबरोबर कथाही बदलली असे म्हणता येत नाही.

कल्याणीचा ग्रंथ

एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. ज्या वर्षी पॅरिसमध्ये ‘शालिमार’ लोकांसमोर आले, त्याच १९२५ साली बडोदे येथील गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दुसरा खंड १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला. हा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने परिचित आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आढळते.

प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशतींत हा ग्रंथ विभागलेला आहे. तिसऱ्या विंशतीत राजाच्या उपभोगांचे विवेचन असून त्यात स्नान, तांबूल, विलेपन, माल्य यांची स्वतंत्र चर्चा आहे. धूपाचा विचारही ग्रंथात आलेला आहे. चंदन आणि कापूर शीतल, कस्तुरी आणि केशर उष्ण, हा भारतीय गंधविद्येचा पाया. त्यानुसार कोणत्या ऋतूत कोणता लेप लावावा हे ठरते. म्हणजे येथे सुगंध ही स्वप्नरंजनाची वस्तू नाही. हवामान, शरीर, वेळ आणि प्रसंग यांच्याशी तो जोडलेला व्यवहार आहे. ‘शालिमार’ बाराही महिने एकच गोष्ट सांगते. कल्याणीचा राजा ऋतू पाहून लेप बदलतो. या दोन दृष्टींतील फरक मूलभूत आहे.

याच परंपरेतील दुसरे महत्त्वाचे साधन प्रकाशात आणण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९८९ मध्ये रा. तु. व्यास यांनी हे दोन्ही ग्रंथ संपादित करून बडोद्याहून प्रसिद्ध केले. ‘गंधवादा’सोबत जुनी मराठी टीका आहे. सुगंध कसा सिद्ध करावा हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कोणाला तरी वाटली होती, याचा हा लेखी पुरावा होय. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया दिल्या आहेत. त्यानंतर कृती येतात आणि अखेरीस द्रव्यांची सूची व त्यांची पारख येते. गंधद्रव्यांत भेसळ होते, म्हणून अस्सल व नकली ओळखता आले पाहिजे, ही ग्रंथकाराची भूमिका आहे. जाहिरातीच्या भाषेत ‘पारख’ या शब्दाला जागा नसते.

बिदर, दाभोळ आणि आळंद

‘ऐतिहासिक व्यापार’ हा शब्द जाहिरातीत नकाशावरील एका सुंदर रेषेसारखा येतो. बिदरच्या इतिहासात त्याला माणसे, बंदरे आणि हिशेब आहेत. अहमदशाह वलीने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. बिदरच्या लाल जांभ्या दगडाच्या पठारावर पाणी खेळविण्यासाठी इराणी पद्धतीचे करेज म्हणजे भुयारी कालवे खोदण्यात आले. बागेचे वर्णन करताना कवी फुलांविषयी बोलतो. फुलांच्या आधी पाणी आणि पाण्याच्या आधी खोदणारे हात असतात, याची आठवण हे करेज आजही देतात.

महमूद गवान हा बहमनी राज्याचा थोर वजीर इराणमधील गिलानचा. तो व्यापारी म्हणून आला आणि कोकणातील दाभोळ बंदरी उतरला. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकून घेतला. त्याच वर्षाच्या सुमारास बिदरचा त्याचा मदरसा पूर्ण झाला. विद्या आणि व्यापार ही दोन्ही एकाच माणसाची कामे होती. समुद्र ओलांडून घोडे येत, कापड जाई आणि त्याच वाटांनी गंधद्रव्येही फिरत. ऊद आग्नेय आशिया व आसामकडून, कस्तुरी हिमालयापलीकडून, अंबर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून आणि कापूर सुमात्रा-बोर्निओहून येई. मराठी स्वयंपाकघरातील ‘बरास’ हा शब्द सुमात्रातील बारूस या बंदराच्या नावाची खूण आहे. मराठीतील ‘अत्तर’ हा शब्दही अरबीतून आला. अरबीत ‘इत्र’ म्हणजे सुगंध आणि ‘अत्तार’ म्हणजे तो विकणारा. ‘अत्तार’ हे आडनाव आजही या सीमाभागात व महाराष्ट्रात सर्रास आढळते.

या व्यापाराचा एक परकी साक्षीदार आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास चौल बंदरी उतरून जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. बिदरजवळ भरणाऱ्या एका मोठ्या वार्षिक बाजाराचे त्याने वर्णन केले आहे. अभ्यासक तो आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदचा बाजार मानतात. हिंदुस्थानच्या सर्व भागांतून लोक तेथे जमतात, दहा दिवस व्यवहार चालतो आणि हजारो घोडे विक्रीस येतात, असे तो सांगतो. मात्र त्याची नजर केवळ वैभवावर खिळली नाही. उमराव ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यांतील रयत अत्यंत हलाखीत जगते, हेही त्याने नमूद केले आहे.

‘परके’ फूल कोणाचे?

‘एक्झॉटिक’ फुले ही या अत्तरांची मोठी मिरास समजली जाते. परंतु परकेपणा हा फुलाचा गुण नाही. तो पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. मोगरा, चाफा, केवडा ही पॅरिसच्या दृष्टीने दूरची फुले. बिदरच्या बाजारात ती रोजची. दख्खनच्या दरबाराने मात्र इराणी काव्यातील गुलाबालाही आपलेसे केले. गुलबर्गा या नावाचा ‘गुल’ आणि ‘बर्ग’, म्हणजे फूल आणि पान, असा फारसी अर्थ लावला गेला. कन्नड परंपरा त्याच नावात दगड पाहते. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी आहे. एकाच नावात फूल आणि दगड दोन्ही दिसावेत, ही या प्रदेशाच्या मिश्र वारशाची साक्ष होय.

या मिश्रतेचा उत्तम ग्रंथरूप नमुना शेजारच्या विजापुरात सापडतो. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या (१५८०–१६२७) काळात निजामुद्दीन महमूद याने ‘इत्र-इ-नवरसशाही’ हा फारसी ग्रंथ लिहिला. दालनातील हवा, वस्त्रे, अंथरूण, शरीर हे सर्व सुगंधित करण्याच्या रीती त्यात आल्या आहेत. ‘नवरस’ हा शब्द भारतीय काव्यशास्त्रातील. ग्रंथाची भाषा फारसी. दख्खनी उर्दूत नुसरतीचे ‘गुलशन-इ-इश्क’ (१६५७) हे मसनवी-काव्य बागा आणि फुलांच्या वर्णनांसाठी प्रसिद्ध आहे. अली अकबर हुसेन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेंट इन द इस्लामिक गार्डन’ या ग्रंथात या साहित्याचा सविस्तर अभ्यास केला. एमा फ्लॅट यांनी २०१९ च्या ‘द कोर्ट्स ऑफ द डेक्कन सल्तनत्स’ या पुस्तकात सुगंधाचे ज्ञान हे दरबारी माणसाच्या घडणीचे अंग होते, असे दाखविले. या दोन्ही अभ्यासांचे सार मराठीत उपलब्ध होणे अगत्याचे आहे.

वगळलेली माणसे

अत्तराच्या कथेतून कोण गळते, हा या चिकित्सेतील कळीचा मुद्दा आहे. व्हॅनिलाचेच उदाहरण घ्यावे. मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलाचे हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली. त्या रीतीवर जगाचा व्हॅनिला-व्यापार उभा राहिला. आल्बियस मात्र गरिबीत मरण पावला. जायफळाची कथाही अशीच आहे. १६२१ मध्ये डच कंपनीने बांदा बेटांवरील लोकांची कत्तल करून जायफळाची मक्तेदारी मिळविली. ‘मसाल्यांचा मार्ग’ या काव्यमय शब्दाआड ही बेटे लपून जातात.

मात्र येथे दख्खनच्या साधनांनाही सूट देता येत नाही. ‘मानसोल्लास’ राजासाठी आहे, ‘इत्र-इ-नवरसशाही’ सुलतानासाठी. कस्तुरीसाठी मृग मारणारा पारधी, पहाटे फुले खुडणारी माळीण, भट्टीपुढे बसणारा कारागीर यांची नावे या ग्रंथांत शोधून सापडत नाहीत. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही सुगंधखान्यातील द्रव्यांचे भाव दिले आहेत, हे त्याचे वेगळेपण, पण मजुरीचे मोल तेथेही सुगंधाच्या हिशेबात येत नाही. जहांगीरने आपल्या आठवणींत गुलाबाच्या तेलाचे श्रेय नूरजहानची आई अस्मत बेगम हिला दिले आहे, तोही राजघराण्यातील व्यक्तीचाच गौरव. तेव्हा पॅरिसची कथा खोटी आणि आपली खरी, असा सोपा निवाडा चिकित्सेला शोभणारा नाही. आपली साधने अधिक नेमकी आहेत, त्यांत द्रव्याची पारख आहे, ऋतूचे भान आहे; श्रमिकांच्या बाबतीत मात्र तीही बव्हंशी मुकी आहेत.

बाटली आणि बिदरी

कुपीच्या संदर्भातही तुलना उद्बोधक ठरते. बाकाराच्या काचेचे कौतुक जगभर झाले. बिदरच्या कारागिरांनी जस्त आणि अल्प तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम करून गुलाबपाश, पानदान, हुक्क्याचे पात्र अशा वस्तू शतकानुशतके घडविल्या. किल्ल्यातील मातीच्या प्रक्रियेने धातू काळा होतो आणि चांदी उजळून दिसते. संग्रहालयांत जपलेल्या अशा वस्तूंखाली ‘बिदर’ हे गाव असते. बहुतेकदा कारागिराचे नाव नसते. २००६ मध्ये बिदरी कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे संरक्षण झाले. कारागिराच्या घरातील पुढच्या पिढीने हे काम का करावे, या प्रश्नाचे उत्तर मानांकनाने आपोआप मिळत नाही.

सुगंधाचे लोकजीवन

दरबार लयास गेले, तरी सुगंधाची परंपरा या भागात लोप पावली नाही. कलबुर्गी येथे ख्वाजा बंदानवाज गेसुदराज (मृत्यू १४२२) यांच्या उरुसाचा आरंभ संदलने होतो. जिल्काद महिन्यात महबूब गुलशन बागेतून निघणारी संदलची मिरवणूक पाहण्यास सर्व धर्मांचे लोक जमतात. येथे चंदन कोणा एकाच्या अंगाला लागत नाही; ते सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून नेले जाते आणि मजारीवर अर्पण होते. बिदरजवळील अष्टूर येथे अहमदशाह वलीचा उरूस चांद्र पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो. कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचे जंगम तेथे येतात, शंख वाजवितात आणि मजारीवर फुले वाहतात. ऊद, लोबान, अष्टगंध, बुक्का, उटणे हे शब्द या भागातील घराघरांत एकमेकांच्या शेजारी नांदतात. ‘पूर्वेचा गूढ सुगंध’ या कल्पनेत गूढ असे जे वाटते, ते येथे सणावारी सर्वांच्या परिचयाचे आहे.

उंची अत्तराची कथा सुगंधाला खासगी मालकीची आणि दुर्मीळ वस्तू ठरविते. संदलची मिरवणूक तोच सुगंध सामाईक करते. दख्खनच्या परंपरेकडून आजच्या काळाने घ्यावयाचा धडा कोणता, असे विचारल्यास तो या फरकात आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ‘शालिमार’ ही सुगंधकलेतील श्रेष्ठ निर्मिती असली, तरी तिची कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तिच्यातील बागेच्या तारखा आणि घटकांचा उगम दोन्ही त्या कथेच्या विरुद्ध साक्ष देतात. गंधविद्येची लेखी परंपरा या सीमाभागात सुमारे नऊशे वर्षे मागे नेता येते आणि ती संस्कृत, मराठी, फारसी व दख्खनी उर्दू अशा भाषांतून वाहत आली आहे. कोणत्याही एका समाजाने तिच्यावर एकट्याचा हक्क सांगावा, असे तिचे स्वरूप नाही. आणि ही परंपराही श्रमिकांविषयी पुरेसे बोलत नाही. ती उणीव भरून काढणे हे आजच्या संशोधनाचे काम आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य दिशा मिळते. इतिहासाच्या वर्गात अत्तराची एखादी जाहिरात आणि निकितीनचे वर्णन शेजारी ठेवता येईल. भाषेच्या वर्गात बरास, अत्तर, अर्गजा, चोवा या शब्दांचा प्रवास शोधता येईल. रसायनशास्त्राच्या वर्गात व्हॅनिलिन आणि गुलाबाचे ऊर्ध्वपातन एकत्र शिकविता येतील. बसवकल्याण, बिदर, आळंद, कलबुर्गी ही स्थळे विद्यार्थ्यांपासून एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहेत. आपल्या गावाचा सुगंध दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीतून ओळखावा लागणे ही खरी गरिबी आहे, आणि ती दूर करण्याची साधने येथील ग्रंथालयांत, दर्ग्यांत आणि बाजारांत अद्याप उपलब्ध आहेत.